भाऊबीजेचं हॅण्डल

बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे निघालं, की हायवे सोडून थोडं आत बोरखेडी लागते. तिथली सत्यभामा गाडीवर पहिल्यांदा दिसली, की माणूस आधी तिच्या लुगड्याकडे पाहतो, मग मोटरसायकलकडे, आणि मग आपल्याला दिसलं ते खरंच दिसलं का म्हणून पुन्हा लुगड्याकडे. काष्टा घातलेलं नऊवार, पायात कापडी बूट, कानावरून घट्ट बांधलेला रुमाल आणि त्यावर लेकाचं जुनं हेल्मेट. मागे दोन्ही अंगांना फुलकोबीच्या गोण्या आणि समोर टाकीवर सांबाराचं ओलं गाठोडं. सांबार म्हणजे तिकडची कोथिंबीर. पण वऱ्हाडातल्या भाजीवालीला कोथिंबीर मागून पाहा, ती आधी तुमचं गाव विचारेल आणि मग भाव वाढवून सांगेल.

गाडी खरी तिच्या नवऱ्याची, पंजाबरावांची. ते चालवायचे आणि ही मागे सांबार मांडीवर घेऊन बसायची. पुढे पंजाबरावांचे डोळे गेले. अगदी गेले नाहीत, पण भरवशाचे राहिले नाहीत. एका पहाटे त्यांनी रस्त्याच्या कडेच्या फ्लेक्सवर हात जोडून उभ्या असलेल्या, वाढदिवस साजरा करणाऱ्या इसमाला बाजूला हो म्हणून हॉर्न दिला. दोनदा दिला. तो हटेना तेव्हा हे त्याच्यावर चिडलेसुद्धा. सत्यभामा मागून म्हणाली, "उतरा खाली." त्यानंतर पंजाबराव त्या गाडीच्या पुढच्या सीटवर कधी बसले नाहीत.

मग ती गाडी शिकली. सोयाबीन काढून झालेल्या वावरात, सासूबाईंच्या पेटीतलं नऊवार नेसून शिकली, कारण सहावारीत टांग टाकता येईना. कितीदा पडली त्याचा हिशोब नाही. काळ्या मातीत पडलं की लागत काही नाही, फक्त उठावं लागतं, आणि उठायचा आळस बाईला जन्मात नव्हता. गावाने महिनाभर तोंडाला पदर लावून हसून घेतलं. मग गावातल्या बायाच विचारू लागल्या, सत्यभामाबाई, बडनेऱ्याले चालल्या का, मले सोडता का दवाखान्यात?

त्या गाडीने तिला काय दिलं ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचा सगळा आटापिटा कशासाठी ते कळायचं नाही. पहाटे अमरावतीच्या भाजीबाजारात आपला माल आपण नेऊन आपल्या तोंडाने भाव बोलायचा. शेजारी मेथी घेऊन बसणाऱ्या मनकर्णाबाईबरोबर एका कपातला चहा दोघींत प्यायचा आणि तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकायच्या. येताना गोण्या रिकाम्या, रस्ता मोकळा, ऊन कोवळं. त्या परतीच्या वाटेवर सत्यभामा मोठ्याने गाणी म्हणायची. हेल्मेटमध्ये कोणाला ऐकू जात नाही असं तिला वाटायचं. अख्ख्या हायवेला ऐकू जायचं.

आणि मग मान धरली. आधी मान, मग खांदे, मग बोटांना मुंग्या. भाकर थापताना मधेच हात झटकायची. कळशी काखेत घेता येईना. कारण साधं होतं. गाडी बनवणाऱ्यांनी ती लांब हातांच्या पुरुषासाठी बनवली होती आणि सत्यभामा होती बुटकी, हातही आखूड. पुढे सरकून बसावं, तर टाकीवर सांबार. सांबार मागे का बांधत नाही? मागे फुलकोबीखाली त्याचा चेंदामेंदा होतो, आणि चुरगाळलेल्या सांबाराकडे गिऱ्हाईक ढुंकून पाहत नाही. म्हणून सांबार समोर, डोळ्यांपुढे, हा तिचा कायदा. त्या गाठोड्यामागे बसून ती हॅण्डलपर्यंत अशी ताणून वाकायची, जशी बाई विहिरीत पडलेला पोहरा काढायला वाकते.

बडनेऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाकून गाडी चालवू नका. तिचा मुलगा मनोज नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात सुपरवायझर, आईवर जीव टाकणारा. त्याने त्यातलं 'वाकून' तेवढं गाळलं आणि 'गाडी चालवू नका' एवढंच घरी आणलं. म्हणाला, गावातून रोज पिकअप जाते, माल तिच्यात टाकू. तू घरी आराम कर. सत्यभामाला आराम या शब्दाचीच शिसारी होती. माल पिकअपमध्ये जाईल, भाव दुसरा कोणी बोलेल, मनकर्णाबाई चहा एकटी पिईल, आणि आपण ओसरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला 'काय मंग' म्हणत राहायचं. ती म्हणाली, दिवाळी होऊ दे, मग पाहू.

तिच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. तिचं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. मोर्णेचा पूल ओलांडला की बोळात मोठा भाऊ महादेवराव याचं गॅरेज, मागे अंगण आणि अंगणापलीकडे घर. त्याच्या माळ्यावर जुन्या मोटरसायकलींची कितीतरी हॅण्डलं पडलेली तिने पाहिली होती. त्यांतली काही उंच असत, टोकं मागे चालवणाऱ्याकडे वळलेली. दिवाळीच्या आधी तिने भावाला फोन केला आणि सरळ सांगितलं, दादा, यंदा भाऊबीजेले मले साडी नको. हॅण्डल दे.

महादेवराव आधी हसला. मग त्याने माळ्याला शिडी लावली. बहिणीने आयुष्यात तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. त्याने माळा उपसला, एक हॅण्डल निवडलं, त्याला नव्याने निकेल चढवून आणलं. भाऊबीजेला सत्यभामाने ओवाळलं, तेव्हा ताटात निरांजनाशेजारी ते झळाळत होतं. वहिनीला, पार्बताबाईला, मात्र ते पटेना. माहेराहून लेक खणाशिवाय कशी जाईल? तिने एक हिरवा खण आणून हॅण्डलला गुंडाळला, वर कुंकू लावलं आणि मगच नणंदेच्या ओटीत घातलं. ओटीत हॅण्डल घेऊन उभी असलेली बहीण पाहून महादेवरावाला हसू आणि रडू एकदम आलं.

जेवणं झाल्यावर त्याने लगेच ते बसवलं. ब्रेकची, क्लचची, रेसची केबल लांब टाकली, सत्यभामाला सीटवर बसवलं, पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं. पाठ ताठ, खांदे खाली, कोपर सैल. ती म्हणाली, खुर्चीत बसल्यावानी वाटून राहिलं. बोळातल्या बाया बघायला आल्या. जुनं हॅण्डल पिशवीत घालून ती बोरखेडीपर्यंत गाणी म्हणत आली, आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिने एकदाही हात झटकला नाही.

सगळं झालं, पण त्या सणाच्या आनंदात एक गोष्ट भावाच्या ध्यानात आली नाही आणि बहिणीच्याही नाही. माप घेतलं ते रिकाम्या गाडीवर. आणि सत्यभामाची गाडी कामाला निघते तेव्हा रिकामी कधी नसते.

पहिल्याच पहाटे ते कळलं. टाकीवर सांबाराचं गाठोडं, आणि हॅण्डलची टोकं मागे आलेली. सरळ रस्त्याला काही नाही, राणीसारखं बसावं. डावीकडे वळताना डावी मूठ गाठोड्यात रुतायची, पण निभायचं. उजवीकडे वळायचं म्हटलं की रेसची मूठच सांबारात घुसायची आणि गाडी वळायच्या ऐवजी गुरगुरायची. आणि बोरखेडीच्या वेशीपाशीच बडनेऱ्याचा रस्ता उजवीकडे वळतो.

आता दुसरी कोणी असती तर भावाला फोन करून म्हणाली असती, दादा, हे जमत नाही. पण माहेरच्या भाऊबीजेला नाव ठेवायचं? साडीचा रंग आवडला नाही तरी बाई ती नेसते, आणि वर कोणी विचारलं तर माहा भाऊच पाहून आणते म्हणून सांगते. सत्यभामाने ठरवलं, हे हॅण्डल उत्तम आहे. दोष असेल तर रस्त्याचा.

वेशीवर मारुतीचं देऊळ आहे. ती रोज तिथे उतरू लागली. मारुतीला हात जोडायचे, इकडेतिकडे कोणी पाहत नाही ना ते पाहायचं, आणि गाडी हाताने ढकलून उजवीकडे तोंड करून घ्यायची. गावाला वाटलं, बाई भक्तीला लागली. एका म्हातारीने तर तिला शनिवारचं तेल पोहोचवायलाही सांगितलं. अमरावतीत बाजाराचं फाटक उजव्या हाताला. ती सरळ पुढे जायची आणि डाव्या डाव्या गल्ल्यांनी अशी फिरून यायची, की मनकर्णाबाई रोज विचारायची, तू येते कुठून व बाई? संध्याकाळी पंजाबराव ओल्या धोतराच्या फडक्यात सांबार बांधायला बसले, की ही म्हणायची, थोडं लहान बांधा. दुसऱ्या दिवशी, अजून थोडं लहान. पंजाबरावांच्या डोळ्यांना फ्लेक्सवरचा माणूस कळत नसेल, पण बायको त्यांना अंधारातही कळायची.  त्यांनी पिशवीतलं जुनं हॅण्डल घेतलं आणि वालाच्या मांडवाचा एक कोपरा खचला होता तिथे टेकू म्हणून रोवून दिलं.

आणि मग जे व्हायचं ते झालं. एका पहाटे डावी गल्ली बंद होती, तिथे गटाराचं खोदकाम निघालं होतं. सत्यभामा फाटकाशी आली, देवाचं नाव घेतलं आणि उजवीकडे वळली. समोरून कांद्याची हातगाडी. तिने हॅण्डल अजून वळवलं, मूठ गाठोड्यात गेली, अडकली, आणि गाडी तिच्यासकट आडवी झाली. धाडकन नाही, हळूच, म्हैस डबक्यात बसते तशी. लागलं काही नाही. पण फुलकोबीचे गड्डे फाटकातून थेट आत गडगडत गेले आणि सांबार सगळ्या रस्त्यावर पसरलं. मनकर्णाबाई गड्डे गोळा करता करता हसत होती, मग सत्यभामाही बसल्या जागी हसायला लागली. कोणातरी भल्या माणसाने मदत करायच्या ऐवजी मोबाईलवर सगळं टिपून घेतलं. ती घरी पोहोचायच्या आधी ते नांदगाव पेठेत मनोजच्या मोबाईलवर पोहोचलेलं होतं.

संध्याकाळी मनोज घरी आला तो चप्पल न काढताच ओसरीवर बसला. रागावला नव्हता. घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस रागावल्यासारखा दिसतो. त्याने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला होता. त्याला एकच जाणून घ्यायचं होतं.

"माय, खरं सांग. हॅण्डलचा दोष हाय का तुहा?"

सत्यभामा पेचात पडली. हॅण्डलचा म्हणावं, तर माहेरच्या देण्याला नाव ठेवलं, आणि तेही लेकासुनेच्या समोर. माहा म्हणावं, तर गाडी गेली. पंजाबराव मांडवाशी उभे राहून वालाच्या शेंगा उगीच चाचपडत होते. सून करिश्मा चहाचा कप हातात घेऊन दारात थांबली होती.

"माहा," सत्यभामा म्हणाली.

मनोजने मान हलवली. म्हणाला, हॅण्डल चांगलं असून तू पडतेस, म्हणजे आता तुझ्याच्यानं होत नाही, माय. मले गाडीचं काही नाही, तुह्या हाडाचं भेव हाय. पंजाबरावांच्या बहिणीचा मुलगा बंडू, त्याला कधीपासून गाडी हवी होती. कौंडण्यपूरच्या जत्रेच्या सकाळी त्याने येऊन ती घेऊन जावी असं फोनवर तिथल्या तिथे ठरलं. सत्यभामाने ऐकून घेतलं आणि उठून चुलीपाशी गेली. त्या दिवशी भाकरी जरा जास्तच जोराने थापल्या गेल्या.

खरं तर तिला रडू येत होतं. आपण जीभ आवरली म्हणून भावाचा मान राहिला, आणि जीभ आवरली म्हणूनच गाडी हातची चालली. मान दुखायची थांबली तेव्हा नेमकी. असल्या गोष्टीवर माणसाने हसावं की डोकं आपटावं? तिने दोन्ही केलं नाही. विचार केला आणि सकाळी पंजाबरावांना म्हणाली, "आज गाठोडं मोठं बांधा. पहिले बांधत होते तेवढं."

"अन् चालली कुठी?"

"अकोल्याले. वहिनीले सांबार देऊन येतो."

पंजाबरावांनी गाठोडं असं बांधलं, की टाकी दिसेनाशी झाली. वर म्हणाले, दादाच्या दारात गाडी त्यालेच वळवू दे. एवढं बोलून ते मांडवाकडे निघून गेले. सत्यभामा त्यांच्या पाठीकडे पाहतच राहिली. या माणसाला सगळं ठाऊक होतं तर.

अकोल्याचा रस्ता सरळ, त्यामुळे ती ताठ बसून मजेत गेली. मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरली आणि महादेवरावाच्या दाराशी थांबली. दार उजव्या हाताला, बोळ अरुंद. ती खाली उतरली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, दादा, तेवढी गाडी अंगणात घे, माहे हात भरून आले. फुलकोबी नाही, मागे काही नाही, नुसतं समोर सांबार. महादेवरावाने हौसेने हॅण्डल धरलं, दाराकडे वळवलं, आणि मूठ खचकन गाठोड्यात शिरली. त्याने मागे घेऊन पुन्हा वळवलं. पुन्हा खचकन. तो थांबला. गाठोड्याकडे पाहिलं, हॅण्डलकडे पाहिलं, मग बहिणीकडे. तिने पदराने घाम पुसण्याचं निमित्त करून तोंड लपवलं.

"सत्या, तू रोज अशी चालवून राह्यली? मले काहून नाही सांगतलं?"

"भाऊबीज हाय ना, दादा," ती म्हणाली. "भाऊबीजेले नावं ठेवतात का?"

महादेवराव खाली बसला. चाळीसेक वर्षं नट-बोल्टांवर पाने फिरवलेला माणूस, पण बहिणीसमोर त्याला आपले हात कुठे ठेवावे ते कळेना. म्हणाला, काढून टाकतो, दुसरं बसवतो. सत्यभामा म्हणाली, काढायचं नाही, ओटीत घेतलेलं मी परत देत नसतो. म्हणाला, मग सांबार मागे बांध. म्हणाली, ते तर होणारच नाही. भाऊ-बहीण दोघंही एकाच मातीचे, कोणी इंचभर हटेना. शेवटी आतून पार्बताबाई आली. आल्या आल्या तिने गाठोड्यातली एक सांबाराची काडी मोडून तिचा वास घेतला आणि मग दोघांनाही फटकारलं.

"खण देला म्हणजे चोळी झाली का? कापल्याशिवाय अन् शिवल्याशिवाय कोणाच्या अंगाले बसते? बसवा तिले गाठोड्यासंग अन् घ्या माप."

दोघंही तिच्याकडे बघत राहिली. खरंच की. खण मापाला कापला म्हणून कोणी माहेराचा अपमान झाला म्हणत नाही. उलट न शिवता पेटीत ठेवला तरच तो वाया.

मग अंगणात थाट सुरू झाला. सत्यभामा काष्टा सावरून गाडीवर बसली, समोर गाठोडं. पार्बताबाईने त्याच्यावर पाणी शिंपडलं, म्हणजे ते बाजारच्या वेळेला असतं तसं फुगून बसावं. महादेवरावाने क्लॅम्पचे बोल्ट सैल केले आणि हॅण्डल जरा उभं केलं, जरा खाली, पुन्हा थोडं वर. वळव डावीकडे. वळव उजवीकडे. कुठे घासतं सांग. इथे घासतं. अजून? अजून जरासं. टोकं दोन्हीकडून दोन दोन बोटं कमी करायला हवी होती. खूण करायला खडू सापडेना, तेव्हा पार्बताबाईने देवघरातून कुंकवाची डबी आणली आणि दोन्ही बाजूंना बोट टेकवलं. महादेवरावाने लोखंड कापायचा हेक्सा घेतला. पहिली घासण ऐकून सत्यभामाने डोळे मिटले. नवं निकेल चढवलेलं, भावाने हौसेने दिलेलं हॅण्डल कापलं जात होतं. पण शिंप्याची कात्री खणात शिरते तेव्हाही डोळे असेच मिटतात, आणि मग चोळी अंगात गेली की आठवतही नाही.

मुठी पुन्हा चढल्या, ब्रेक-क्लच आत सरकले, बोल्ट आवळले गेले. वळव उजवीकडे. तिने वळवलं. मूठ गाठोड्याला लागून गेली, फक्त एक पान हललं. तिने पुन्हा वळवलं, पुन्हा, आणि मग उगीचच पाच-सहा वेळा वळवून पाहिलं, लहान पोरगी नवा पाळणा हलवते तसं. महादेवराव म्हणाला, बस कर, बोल्ट नवे हायेत. मग गाठोडं सुटलं आणि त्याची सांबारवडी झाली. तिखटजाळ, तेलात बुडवून तळलेली. सत्यभामा एवढी जेवली, की पार्बताबाई म्हणाली, आता पोटासाठी वेगळं माप घ्यावं लागेल.

जत्रेची सकाळ उजाडली. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर, तिथल्या महाप्रसादासाठी बोरखेडीतून ज्याच्या वावरात जे असेल ते जातं. सत्यभामाच्या घरून दरसाल सांबार. गाठोडं ओसरीवर तयार होतं. बंडू ठरल्याप्रमाणे आला. सहा फुटांच्या वर उंची आणि त्यात अर्ध्याच्या वर नुसते पाय. सत्यभामाने त्याला चहा दिला आणि चावी दिली. बंडू गाडीवर बसला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा गोंधळलं. हॅण्डल पोटाशी, कोपरं मागे, गुडघे वर. त्याने किक मारली, अंगणातून बाहेर पडायला वळवलं, आणि मूठ गुडघ्यावर अशी आदळली की गाडी सरळ कडब्याच्या गंजीत जाऊन उभी राहिली. बाहेर काढली, पुन्हा बसला, पाय फाकवून पाहिले, मागे सरकून पाहिलं. करिश्मा पदरात तोंड खुपसून आत पळाली.

बंडू गुडघा चोळत म्हणाला, मामी, हे माह्या मापाचं नाही. जुनं हॅण्डल असलं त द्या, बसवून घेतो. सगळ्यांनी पंजाबरावांकडे पाहिलं. पंजाबराव शांतपणे मांडवाकडे बोट दाखवून म्हणाले, ते तिथं हाय. वालाच्या वेलाने जुन्या हॅण्डलला दोन्ही मुठींपर्यंत वेढे घातले होते आणि त्यावर फुलं धरली होती. लेकरू आईच्या गळ्यात पडतं तसा वेल पडला होता. पंजाबराव म्हणाले, ज्याले तोडायचं त्यानं तोडा, मले त दिसत नाही.

बंडूने हसत चावी परत ठेवली. मनोज मात्र हसला नाही. त्याने गाडी पाहिली, कापलेली टोकं पाहिली, आणि तो आईसमोर येऊन उभा राहिला.

"माय, त्या दिवशी दोष कोणाचा होता?"

आता सांगायला हरकत नव्हती. आता ते शिवून झालं होतं. सत्यभामाने सगळं सांगितलं, रिकाम्या गाडीचं माप, वेशीवरचा मारुती, डाव्या गल्ल्या, अकोला. मनोज ऐकत गेला आणि त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडत गेली. गोष्ट मारुतीपाशी आली तेव्हा तो हसला. अख्खं गाव तिची भक्ती त्याच्याजवळ वाखाणत होतं, आणि त्याने स्वतःच्या कारखान्यातही ते कौतुकाने सांगितलं होतं. मग त्याने स्वतः ओसरीवरचं गाठोडं उचललं, टाकीवर ठेवलं आणि दोरी आवळली.

"बाबाले घेऊन जा जत्रेले," तो म्हणाला. "पण मी वेशीपर्यंत मागून येतो. मले पाहू दे."

पंजाबराव बायकोचं हेल्मेट नको, माहं जुनं द्या म्हणत मागे बसले. सत्यभामाने काष्टा खोचला आणि गाडी काढली. मागून मनोज चालत, त्याच्यामागे करिश्मा, आणि गुडघा चोळत बंडू. रुक्मिणीच्या माहेरी निघालेली सत्यभामा आपल्या माहेराच्या हॅण्डलला धरून ताठ बसली होती, आणि तिला त्या घडीला एवढा आनंद झाला होता की गाणं आपोआप तोंडात आलं. पंजाबराव मागून म्हणाले, हळू म्हण, गाव ऐकून राहिलं.

वेस आली. देवळाच्या पायरीवर शनिवारचं तेल सांगणारी ती म्हातारी बसली होती. तिने सवयीने जागा करून दिली, बाई आता उतरेल म्हणून. सत्यभामाने मारुतीला गाडीवरूनच मान लववली, ती मान आता छान लवत होती, आणि न उतरता उजवीकडे वळली.